उमेदवाराने देवासमोर घेतलेली आण मतदाराने खरी मानावी का?

अंत्रुजकर

गेली काही वर्षे मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडतो आहे. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस जेव्हा आपल्या देवभक्तीची ग्वाही देतो, तेव्हा मतदाराने त्या ग्वाहीवर कितपत विसंबावे? ज्यांनी या विषयाचा शांतपणे विचार केला आहे त्यांची मते वाचायची आहेत.

प्रश्नामागचा प्रसंग आमच्या गोव्यातला आहे. २२ जानेवारी २०२२ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये बसवून एकाच दिवशी तीन ठिकाणी नेले: पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा फुलांचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा हमजा शाह दर्गा. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी आण त्यांनी तिन्ही ठिकाणी घेतली. तशी वेळ येण्याला कारण होते. २०१७ मध्ये या पक्षाचे १७ आमदार निवडून आले होते, ते गळत गेले आणि जुलै २०१९ मध्ये उरलेल्या १५ पैकी १० जण एकदमच भाजपमध्ये गेले. २०२२ मध्ये ४० पैकी ११ जागा काँग्रेसला मिळाल्या, आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये दाखल झाले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना पत्रकारांनी त्या आणेची आठवण करून दिली, तेव्हा आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि जे योग्य वाटेल ते कर असे देवाने सांगितले, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

माझी आई तेव्हा ७६ वर्षांची होती. जानेवारीत टीव्हीवर ते दृश्य दिसले त्या वेळी ती अबोलीच्या फाती (गजरे) गुंफत बसली होती. तिने दोरा बाजूला ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, ‘देवीसमोर आण घेतली आहे, आता हे बदलायचे नाहीत.’ आम्ही दोघांनी कोणाला मत दिले ते येथे लिहीत नाही, पण ते देताना तिच्या मनात ती आणच होती, हे मला ठाऊक आहे. सप्टेंबरातली बातमी तिने ऐकली आणि काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिन्हीसांजेला दिवा लावताना तिने मला विचारले, ‘देवीने खरेच तसे सांगितले असेल का रे?’

मला उत्तर देता आले नाही आणि आजही देता येत नाही. राजकारणी खोटे बोलतात का, हा माझा प्रश्न नव्हे. एखाद्याची श्रद्धा अगदी खरी असू शकते, हे मी मान्य करूनच विचारतो आहे. ती खरी असली तरी मत देताना तिला आधार मानावे का? विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते आणि आमच्या वाड्यावर उमेदवार पुन्हा नारळ घेऊन येतील, म्हणून ही विचारणा.

दिवाणी वकील, सातारा

अंत्रुजकर साहेब, आपल्या प्रश्नाशी जवळचे नाते असलेली एक जुनी तरतूद आपल्या कायद्यात होती, तिच्यापासून सुरुवात करतो. १८७३ च्या भारतीय शपथ अधिनियमानुसार दाव्यातला एक पक्षकार न्यायालयाला असे सांगू शकत असे की, माझ्या प्रतिपक्षाने अमुक देवळात, अमुक रीतीने शपथ घेऊन सांगितले तर ते मला मान्य आहे. प्रतिपक्ष तयार झाला, तर न्यायालय त्यासाठी कमिशनर नेमू शकत असे, आणि त्या शपथेवर सांगितलेली गोष्ट, ज्याने ती मागितली होती त्याच्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरत असे. १९६९ च्या नव्या शपथ अधिनियमात ही विशेष शपथेची तरतूद राहिली नाही.

माझ्या ज्येष्ठांनी ते नवशिके वकील असतानाचा असा एक दावा मला सांगितला होता. दोन चुलतभावांमध्ये बांधाचा वाद होता आणि वादीने सांगितले की, याने भैरोबाच्या उंबऱ्यावर बेलभंडार उचलून बांध जुनाच असल्याचे म्हणावे, मी दावा सोडतो. ठरलेल्या दिवशी कमिशनर, दोन्हीकडचे वकील आणि निम्मे गाव देवळात जमले. प्रतिवादी ओल्या अंगाने उंबऱ्यापाशी आला, बेलभंडार हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, आणि मग तो खाली ठेवून म्हणाला की बांध दोन हात माझ्याकडे सरकलेला आहे. माझे ज्येष्ठ स्वतः देव मानणारे नव्हते, तरी हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

तेव्हा शपथेत काहीच जोर नसतो असे मी म्हणणार नाही. पण त्या शपथेची घडण पाहावी. ती मागणारा शेजारी होता, त्याला समोरच्याची तीस वर्षांची ओळख होती, आणि हा माणूस भैरोबापुढे खोटे बोलणार नाही असा अंदाज बांधूनच त्याने आपली जमीन पणाला लावली होती. शिवाय ती शपथ घडून गेलेल्या गोष्टीबद्दल होती. बांध सरकला की नाही, हे शपथ घेणाऱ्याला त्या क्षणी पक्के ठाऊक होते. पुढे मोह पडल्यावर मी काय करीन, हे कोणालाच आज पक्के ठाऊक नसते. जानेवारी २०२२ मध्ये त्या तीन ठिकाणी हात जोडणाऱ्यांपैकी अनेकांना आपण जे म्हणतो आहोत ते त्या घटकेला खरेच वाटत असेल. त्यांची श्रद्धा खोटी होती असा आरोप न करताही आपल्याला म्हणता येते की, भविष्याबद्दलच्या आणेला पुराव्याचे मोल नसते. आणि ती आण मतदाराने मागितलेलीही नव्हती, ती पक्षाने घ्यायला लावली होती.

आता निवडणुकीच्या कायद्याविषयी, कारण येथे अनेकांचा गैरसमज असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) खाली धर्माच्या आधारे मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार आहे. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की, ही मनाई उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. त्याआधी विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने प्रचारातल्या भाषणांवरून रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला. मला मत न दिल्यास देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणे, हेही त्याच कलमात अनुचित दडपण म्हणून नमूद आहे. मात्र उमेदवाराने देवळात जाऊन हात जोडणे, आपण भाविक असल्याचे सांगणे, किंवा देवासमोर पक्षनिष्ठेची आण घेणे, याला यांपैकी काहीच लागू होत नाही, आणि निवडून आल्यावर ती आण मोडणे हा तर कोणताच अपराध नाही.

राज्यघटनेने शपथेची जागा ठेवली आहे, पण ती ठेवताना एक काळजी घेतली आहे. उमेदवारी अर्ज भरताना प्रत्येकाला संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ती ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, हे त्याने ठरवायचे असते आणि दोन्हींचे वजन सारखेच धरले जाते. देव मानणारा अधिक विश्वासाचा आणि न मानणारा कमी, असा भेद घटनेने केलेला नाही, आणि मतदारानेही तो करू नये असे मला वाटते. मतदाराला वाचता येईल असे जे आहे ते उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधले शपथपत्र आहे: प्रलंबित खटले, मालमत्ता, कर्जे, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे ते आपल्या हाती आले. त्यात भक्तीचा रकाना नाही.

एक गोष्ट राहिली. फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी त्याच उमेदवारांनी राहुल गांधी यांच्या उपस्थितीत पक्षनिष्ठेच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्याही केल्या होत्या, म्हणजे देवाच्या साक्षीची आण मोडली तशी कागदावरचीही मोडली. दोन्हींपेक्षा भारी ठरले ते राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतले, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यातले गणित. विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला तयार असतील तर त्यांना अपात्रता लागत नाही. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातहून थोडे अधिक, म्हणून आठ जण लागतात, आणि गेले तेही आठच.

मोगरा, केपे

वकील साहेबांनी फार उपयोगी माहिती दिली आहे, तरी त्यांच्या लेखनातून असा अर्थ निघू नये की श्रद्धेचा विचार मतदाराने बाजूलाच ठेवावा. मी देव मानते, आमच्या घराकडे देवस्थानचे महाजनपण (देवळाच्या कारभारातला वंशपरंपरेचा मान) आहे, आणि देवाला भिणारा माणूस अंधारातही वाईट काम करताना कचरतो हे मी माझ्या सासऱ्यांच्या वागण्यात पाहिलेले आहे. त्यामुळे उमेदवाराची श्रद्धा मला नगण्य वाटत नाही. मला वाटते की ती मोजण्याचे माप आपल्याच देवळांत आहे आणि आपण ते वापरले नाही.

अंत्रुजकर दादा, तुमच्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या रीतीप्रमाणे देते. कौल कसा लावतात हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण घाटावरच्या वाचकांसाठी लिहिते. देवाला प्रसाद लावायचा असतो तेव्हा मूर्तीला किंवा पाषाणाला पाण्याने भिजवलेल्या कळ्या, पाकळ्या वा पाने ठरावीक जागी लावतात, पुजारी सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात गाऱ्हाणे घालतो, प्रश्न नेमका सांगतो, आणि मग उजवी पाकळी आधी पडते की डावी, हे जमलेले सगळे डोळ्यांत तेल घालून पाहतात. प्रश्न मोघम असेल तर पुजारी तो पुन्हा नीट मांडायला लावतो. ज्या गोष्टीत दुसऱ्याचा संबंध आहे तिथे तो दुसराही हजर असावा लागतो. आमच्याकडे एकदा विहिरीच्या वाटेवरून कौल लावायचा होता आणि समोरच्या घरातला कर्ता माणूस मुंबईला गेला होता, तर देवस्थानाने तो परत येईपर्यंत तीन आठवडे प्रसाद लावू दिला नाही.

म्हणजे कौल ही चारचौघांत घेण्याची गोष्ट आहे. आमदारांची आण मतदारांना ऐकवण्यासाठी होती, तिच्यावर विसंबून त्यांनी मते दिली होती, तेव्हा ती सोडवून घ्यायची तर मतदारांना बोलावून, गाऱ्हाणे घालून, उघड्यावर सोडवून घ्यायला हवी होती. एकट्याने देवळात जाऊन देवाशी केलेले बोलणे खरे असेलही. त्यांच्या मनातले मी सांगू शकत नाही आणि कोणाच्या भक्तीवर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण एकट्याने ऐकलेले उत्तर इतरांना बांधील नसते, ही आपल्या देवळांची फार जुनी शिस्त आहे. तुमच्या आईंना सांगा की देवी काय बोलली हे आपल्याला कळण्याचा मार्गच ठेवला गेला नाही, त्यामुळे त्यांनी देवीला बोल लावण्याचे कारण नाही.

एका दिवसात देऊळ, खुरीस आणि दर्गा केला यावरून काही जणांनी तेव्हा त्याला नाटक म्हटले होते. मला ते बोलणे पटत नाही, कारण गोव्यात हे परके नाही. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण (मेरी माता) यांना आपण बहिणी मानतो आणि दोन्हीकडे दोन्ही धर्मांचे लोक जातात. बांबोळीला रस्त्याने जाताना खुरसाला फूल वाहणारे हिंदू मी लहानपणापासून पाहते. तिन्ही ठिकाणी घेतलेली आण म्हणूनच आम्हाला अधिक भारी वाटली होती, आणि ती मोडल्याचे दुःखही त्यामुळेच अधिक झाले.

अटलांटाकर

मी ३० वर्षांपासून अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहतो. मोगराताईंनी चारचौघांत दिसणाऱ्या श्रद्धेचा मुद्दा मांडला, त्यावरून मला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण अमेरिकेत हा प्रश्न त्यांच्या निवडणुकीने फार उघडपणे पुढे आणला.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे, तरी मतदार आपल्या मनात ती अट घालतच आले आहेत. १९६० मध्ये जॉन केनेडी कॅथलिक असल्यामुळे पोपच्या आज्ञेत राहतील अशी शंका घेतली जात होती आणि ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर जाऊन त्यांना सांगावे लागले की चर्च आणि शासन यांची फारकत त्यांना मान्य आहे. सोळा वर्षांनी कार्टर यांनी उलट वाट धरली आणि आपण ‘नव्याने जन्मलेले’, म्हणजे श्रद्धेचा स्वतः अनुभव घेऊन ख्रिस्ताला वाहून घेतलेले ख्रिस्ती आहोत असे प्रचारात मोकळेपणाने सांगितले. त्या वर्षी अनेक भाविक प्रॉटेस्टंट मतदारांनी त्यांना आपला माणूस मानून मते दिली.

कार्टर यांची श्रद्धा खरी होती की नाही, याचा इतका दीर्घ पुरावा क्वचितच कोणा राजकारण्याबाबत मिळतो. ते निवडणुकीआधी रविवारच्या शाळेत बायबल शिकवत, राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टनच्या चर्चमध्ये शिकवत, आणि पद गेल्यावर आपल्या प्लेन्स गावी मरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये नव्वदी ओलांडेपर्यंत शिकवत राहिले. गरिबांसाठी घरे बांधायला हातात हातोडा घेऊन ते जगभर गेले. २००६ मध्ये त्याच कामासाठी ते पत्नी रोझलिन यांच्यासह आपल्या लोणावळ्याजवळही आले होते. मी एकदा कुटुंबासह प्लेन्सला त्यांच्या वर्गाला गेलो होतो. जागा मिळावी म्हणून तेव्हा पहाटेच्या अंधारात गाड्यांची रांग लागत असे, शेंगदाण्याच्या शेतांमधून रस्ता जातो, आणि चर्च इतके साधे आहे की आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातले वाटावे. कार्टर आत आले आणि त्यांनी आधी प्रत्येक बाकाला, तुम्ही कुठून आलात, असे विचारले. माझ्या मुलीने ‘पुणे’ म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. त्यानंतर पाऊण तास राजकारणाचा एक शब्द न काढता ते एका उताऱ्यावर बोलत राहिले.

आणि तरीही १९८० मध्ये त्याच भाविक मतदारांच्या मोठ्या गटाने कार्टर यांना सोडून रोनाल्ड रेगन यांना मते दिली. रेगन घटस्फोटित होते आणि नेमाने चर्चला जाणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. गर्भपात, शाळांमधली प्रार्थना, खासगी ख्रिस्ती शाळांवरची करसवलत अशा प्रश्नांवर मात्र ते या मतदारांच्या बाजूने बोलत होते. त्याच सुमारास इराणमध्ये ओलीस धरलेले अमेरिकी आणि महागाई यांनी कार्टर खचलेही होते. यावरून माझे मत असे झाले आहे की, आम्ही श्रद्धा पाहून मत देतो असे म्हणणारा मतदारही बहुधा आपल्या मतांशी जुळणारी भूमिका पाहत असतो आणि तिला श्रद्धेचे नाव देत असतो. श्रद्धाच पाहायची असती, तर १९८० मध्ये कार्टर यांच्याइतका पडताळलेला माणूस दुसरा नव्हता. त्यामुळे मी आधी मतदारालाच विचारीन की, तुम्हाला उमेदवाराच्या श्रद्धेतून नेमके काय हवे आहे? अंत्रुजकर यांच्या आईंना जे हवे होते ते फार साधे होते. ज्या पक्षाकडून निवडून आलात त्यातच राहा, एवढेच. त्यासाठी श्रद्धेची गरज होती का, की माणसाच्या मागच्या वागण्यावरून ते कळले असते?

माळशिरसचा वारकरी

राम कृष्ण हरी. माउलींची पालखी आमच्या सोलापूर जिल्ह्यात धर्मपुरीला प्रवेश करते आणि नातेपुत्याला मुक्काम होतो. निवडणुकीचे वर्ष असले की त्या पट्ट्यात पांढरी टोपी घालून, गळ्यात टाळ अडकवून चालणारे बरेच नवे चेहरे दिसतात. कोणी दोन कोस चालतो, कोणी रिंगणापर्यंत थांबतो. आम्ही सर्वांना माउली म्हणून पाया पडतो, कारण वारीत कोण कशासाठी आला हे विचारण्याची पद्धत नाही. वारीची ही रीत मला प्रिय आहे आणि ती तशीच राहावी. अडचण तेव्हा होते, जेव्हा वारीतला नमस्कार मतपेटीपर्यंत नेला जातो.

माळ घालताना आमच्यात काही नेम पत्करावे लागतात: मांस आणि दारू सोडायची, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, परस्त्री आणि परधन यांना शिवायचे नाही. हे नेम पाळतो की नाही, याची चौकशी कोणी अधिकारी करत नाही. ते शेजाऱ्याला कळते, गड्याला कळते, ज्याच्याकडून उसने पैसे घेतले त्याला कळते. माझ्या वडिलांनी माळ घातल्यावर गावातल्या दुकानदाराने त्यांना वही न करता बियाणे उधार दिले होते. त्याने माळ पाहून दिले असे लोक म्हणतात, पण मला ठाऊक आहे की माळ घातल्यानंतरची सहा वर्षे पाहून त्याने दिले.

विधानसभेच्या मतदारसंघात आमच्याकडे सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार असतात. त्यांतले किती जण उमेदवाराचे शेजारी, गडी किंवा सावकार असतील? उरलेल्यांना फक्त टोपी आणि टाळ दिसतो. संत गाडगेबाबा आयुष्यभर पंढरपूरला येत राहिले, पण विठ्ठलाच्या दर्शनाला देवळात जात नसत. ते वाळवंट झाडत, रात्री कीर्तन करत आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधत. आज ते उमेदवार असते आणि छायाचित्रावरून भक्ती ठरवायची असती, तर त्यांचे गाभाऱ्यातले छायाचित्र मिळालेच नसते. साने गुरुजींनी तर मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले ते दलितांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून. ज्यांनी तेव्हा त्यांना विरोध केला तेही विठ्ठलाचेच भक्त म्हणवत होते. दोन्ही बाजूंची श्रद्धा खरी धरली तरी त्यांतून निघालेले वागणे परस्परविरुद्ध होते, म्हणून श्रद्धा खरी आहे एवढे कळून मतदाराला पुढचे काहीच कळत नाही.

अंत्रुजकर

सर्वांचे मनापासून आभार. मोगराताईंचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले. ‘माणसे बोलावली नाहीत, मग तो कौल कसला’, असे म्हणून ती बराच वेळ गप्प बसली, आणि मग तिने तुमचे देवस्थान कोणते ते विचारले.

माळशिरसच्या वारकरी माउलींच्या एका मुद्द्यावर मात्र मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. त्यांच्याकडे तीन लाखांचा मतदारसंघ असेल, आमच्या गोव्यात २०२२ मध्ये सरासरी सुमारे २९ हजार मतदारांमागे एक आमदार होता. आमचा उमेदवार आम्हाला जत्रेत भेटतो, लग्नात पंगतीला आमच्या शेजारी बसतो, त्याच्या आजोबांचे नावही आईला ठाऊक असते. शेजाऱ्याला कळते हे खरे मानले तर आम्हाला कळायला हवे होते, आणि आम्हाला कळले नाही. वकील साहेबांचा भूत आणि भविष्य हा भेद मला याचे अधिक जवळचे कारण वाटतो. आम्ही त्याला ओळखत होतो ते शेजारी म्हणून. आमदारकी हातात असताना, समोरून निरोप आलेला असताना तो कसा वागेल, हे आम्ही पाहिलेलेच नव्हते. ज्यांच्या बाबतीत ते पाहायला मिळाले होते, म्हणजे जे आधी एकदा पक्ष बदलून आलेले होते, त्यांच्याकडेही आणेच्या भरात आम्ही दुर्लक्ष केले. ही चूक माझी आहे, आईची नाही, कारण वर्तमानपत्र मी वाचतो.

आमच्या वाड्यावरच्या आठ-दहा घरांनी असे ठरवले आहे की, पुढच्या वेळी उमेदवार आले की त्यांना एकत्र बसवून एकच गोष्ट विचारायची: पक्ष बदलावासा वाटला तर आधी आमदारकीचा राजीनामा देऊन आमच्याकडे पुन्हा मत मागायला याल का? उत्तर सर्वांसमोर बोलायचे आणि लिहून द्यायचे, आणि आण मात्र कोणाला घालायची नाही. वकील साहेब, अशा लेखी उत्तराला कायद्यात काही किंमत आहे का?

दिवाणी वकील, सातारा

न्यायालयात त्याची अंमलबजावणी करून घेता येणार नाही. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकारही आपल्या कायद्याने मतदाराला दिलेला नाही. तरीही लिहून घ्यावे, आणि त्याखाली तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावे असावीत. पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा आला, तर तोपर्यंत ती घडून गेलेली गोष्ट झालेली असेल आणि तिच्याबद्दल त्याला विचारता येईल. ज्याला पूर्वी असा प्रसंग आला होता, त्याच्याकडून तेव्हा तो कसा वागला हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

मोगरा, केपे

अंत्रुजकर दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या कालोत्सवाला त्यांना जरूर घेऊन या, मी येण्याजाण्याची सोय करते. बैठकीविषयी एक विनंती आहे. ती देवळाच्या सभामंडपात किंवा मांडावर (गावच्या धार्मिक विधींच्या पवित्र जागेवर) ठेवू नका. पंचायतीचे सभागृह मिळत नसेल तर कोणाच्या तरी अंगणात खुर्च्या मांडा, आणि उमेदवाराने आणलेला नारळ तेवढा वेळ बाहेर सोप्यावर ठेवायला सांगा.